धाव, बंड्या, धाव!

कामशेतच्या टेकडीवर पॅराग्लायडिंग शिकायचं तर दोन वारे सांभाळावे लागतात. दरीतून वर येणारा ताशी 10 ते 20 किलोमीटरचा असला, तर नवशिक्याला सोसतो. डोक्यात घोंघावणारा मोजायला यंत्र नाही.

मन बडबडणारच. गप्प बस म्हटलं की आणखी चेकाळतं. त्यापेक्षा त्याला कामाला जुंपावं. उड्डाणाआधी मी त्याला मोठ्यानं हजेरी घ्यायला लावतो, प्रत्येक वस्तूला बोट लावून: हेल्मेटचा पट्टा, दोन्ही मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर (पट्टे पंखाला जोडणाऱ्या कड्या), दोऱ्या, डोक्यावरचा कापडी पंख, वारा, समोरचं आकाश. मांडीचे पट्टे राहिले, तर माणूस हवेत हार्नेसमधून, म्हणजे बसायच्या पट्ट्यांच्या झोळीतून, खाली घसरतो आणि काखांवर लोंबकळतो. तिथून ‘अरेच्चा’ म्हणून भागत नाही.

‘तू वाघ आहेस’ वगैरे स्वतःला सांगू नये. वाघ पॅराग्लायडिंग करत नाही. पायांना कळेल असं बोलावं: ‘हात वर. धाव.’ ए-रायझर (पंखाच्या पुढच्या कडेच्या दोऱ्यांचे पट्टे) वर नेत पळायचं, पंख डोक्यावर आला की ते सोडायचे, तो पुढे झेपावू लागला तर ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या मुठी) हलकेच दाबायचे, वर एक नजर, आणि पुन्हा धाव. इथेच आपली एसटीतली सवय नडते. पाय जरा हलके झाले की लगेच जागा धरून बसावंसं वाटतं. बसलात की वजन खाली येतं, पंख अजून पेलत नसतो, आणि पुढची टेकडी बुडाखालून जाते. म्हणून हवेतही दोन-तीन पावलं ‘धाव’ चालूच!

आणि ‘मी धावतो’ नव्हे, ‘बंड्या, धाव’. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या 2014च्या संशोधनात, स्वतःला नावानं हाक मारणाऱ्यांना ताण सोपा गेला. आपल्या आयांना हे आधीच ठाऊक असावं. फक्त त्या पूर्ण नावानं मारतात.

‘झाडावर जाऊ नको’ हे सर्वांत घातक वाक्य. ‘नको’ वाऱ्यावर जातं, झाड उरतं. नजर झाडावर खिळली की हात आणि वजनही तिकडेच झुकतात. ‘मोकळं शेत बघ’ म्हणावं.

उतरताना दोनच शब्द: ‘थांब... थांब... आता!’ पाय जमिनीपासून मीटरभरावर आले की दोन्ही ब्रेक पूर्ण खाली. घाईनं उंचावरच ओढले, तर पंख उडायचं सोडतो आणि आपण पोत्यासारखे पडतो. पाय टेकताच मन ‘चहा!’ ओरडतं. त्याला म्हणावं, आधी वळ, पंख पाड. नाहीतर वारा तुला फरफटत टपरीवर नेईल, पण चुकीच्या बाजूनं.