खुलासा: धग, झळ, फुफाटा म्हणजे ‘अग्नी’ नव्हे

‘अग्नीचे समानार्थी शब्द’ म्हणून एक यादी सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे: अनल, पावक, वह्नी, दावानल, वडवानल, विस्तव, निखारा, धग, झळ, फुफाटा. यातला कोणताही शब्द कुठेही चालतो, असंही खाली लिहिलंय. ते चूक आहे, आणि मुलं ही यादी पाठ करतात म्हणून जास्तच खटकतं.

पहिले तीन शब्द खरोखर समानार्थी, आणि विस्तवही. दावानल मात्र रानातली आग, म्हणजे वणवा. वडवानल पुराणांनी समुद्राच्या पोटात कल्पिलेली.

धग आणि झळ तर आगच नव्हेत. जाळाजवळ उभं राहिलं की न शिवताही अंगाला लागते ती धग. झळ वाऱ्याबरोबर येते, म्हणून उन्हाचीही लागते आणि महागाईचीही बसते. हात लागला तर बसतो तो चटका.

निखारा सुटा असतो, चिमट्यात धरता येतो. फुंकर घातली की वरची राख उडते आणि आतली लाली उजळते.

सगळ्यात मोठा घोळ फुफाट्याचा. यादी खरी मानली तर ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणजे आगीतून आगीत! फुफाटा म्हणजे तापलेली राख. तिला ज्वाळा नसते, वरून ती निवलेली दिसते, आणि सुटलो म्हणून पाय टाकावा तर तिथेच पोळतं. म्हणीचं सगळं दुःख त्या फसगतीत आहे.

यादी पुढे पाठवायचीच असेल तर पहिली तीन नावं आणि विस्तव ठेवा, बाकीची काढून टाका.