रिपोर्टवर घाबरण्याआधी रक्त कसं घेतलं ते आठवा

परवा धाकट्या नणंदेचा रडवेला फोन. "वहिनी, माझं प्रोलॅक्टिन वाढलंय, डॉक्टर एमआरआयचं बोलले." प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन; ते वाढलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे का, अशी शंका घेतात. मी विचारलं, रक्त कधी दिलंस? तर पहाटे होम कलेक्शनवाल्याने बेल वाजवून उठवलं, शीर सापडेना, तीनदा टोचलं. अगं, प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं आणि भीतीनेही वाढतं! उठल्यावर तीन तासांनी, अर्धा तास शांत बसवून मी परत घेतलं. नॉर्मल आलं.

बावीस वर्षं पुण्यात लॅबमध्ये काम करतेय. लोक मशीनवर शंका घेतात, पण घोळ बहुतेक वेळा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेला असतो. घाईत सिरिंज दाबून रक्त बल्बमध्ये सोडलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन तोडून टाकतं. रिपोर्टवर आकडा मात्र छान छापून येतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर आधी सांगाच. काही मशीनवर त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो, म्हणजे नसलेला थायरॉइडचा आजार. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने 2017 मध्येच हा इशारा दिलाय, तरी आपल्याकडे काउंटरवर कोणी विचारत नाही. याचा मला खरंच राग येतो.

सगळ्यात नाजूक एसीटीएच, म्हणजे किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन. रक्तातलीच एन्झाइम्स ते तोडतात, म्हणून जांभळ्या टोपणाचा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेला बल्ब, तोही लगेच बर्फात, आणि प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) वेगळा करायचा. जुन्या नोकरीत एकदा एप्रिलमध्ये सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून मुलगा सॅम्पल घेऊन आला. पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालेलं, बल्ब हाताला कोमट. वरून निरोप आला, "लावून टाका, पेशंट पुन्हा येणार नाही." त्या बाईंचं कॉर्टिसॉल जास्त होतं. त्यात एसीटीएच खोटं कमी आलं असतं, तर डॉक्टर पिट्युटरी सोडून अॅड्रिनलमध्ये गाठ शोधत बसले असते. मी सॅम्पल रिजेक्ट केलं. त्या मुलाचा दोष नव्हता, एका सकाळी त्याला अकरा घरं दिली होती.

बाईंना मीच फोन केला, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या स्वतः रिक्षाने आल्या. बर्फाचा डबा मी खुर्चीशेजारीच ठेवला होता.