कन्फ्यूशियसने ‘मान खाली घाला’ एवढंच सांगितलं नव्हतं, काका

परवा रात्री साडेदहाला काकांनी घरच्या ग्रुपवर चिनी तत्त्वज्ञानाचा लांबलचक मेसेज टाकला. वर तीन लाल कंदील, खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. एरवी मी असलं काही बोटाने वर सरकवून मोकळा होतो. पण सकाळी भाच्याची वही दिसली. तो एमपीएससी करतोय, आणि हाच मेसेज त्याने हिरव्या शाईत नोट्स म्हणून उतरवून घेतलाय. आता गप्प बसवत नाही.

‘कन्फ्यूशियसने शिकवलं, राजाची आज्ञा निमूट पाळा.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. ‘लुन्यू’ या त्याच्या संवादांच्या ग्रंथात झिलू नावाचा शिष्य विचारतो, राजाची सेवा कशी करावी? उत्तर मिळतं: त्याला फसवू नकोस, पण तोंडावर विरोध कर. याला निमूट म्हणतात?

त्याच परंपरेतला मेंग्झी (आपल्या पुस्तकांतला मेन्शियस) तर पुढेच गेला. छी राज्याच्या राजाने त्याला विचारलं, शांग घराण्याचा शेवटचा राजा झोऊ प्रजेवर जुलूम करायचा म्हणून त्याला संपवलं, पण प्रजेने राजाला मारणं योग्य आहे का? मेंग्झी म्हणाला, झोऊ नावाच्या एका इसमाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं काही कानावर नाही. आणि हे राजाच्या समोर बसून! प्रजा सर्वांत मोलाची, राजा सर्वांत हलका, हेही त्याचंच. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाला हे इतकं झोंबलं की 1394 मध्ये त्याने मेंग्झीच्या ग्रंथातले 85 उतारे काढून टाकायला लावले आणि त्यांवर सरकारी परीक्षेत प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवलं. निमूटपणाच शिकवला असता, तर सम्राटाला कात्री कशाला लागली असती?

थोडं खरं आहे, मान्य करतो. राजाने राजासारखं, बापाने बापासारखं, मुलाने मुलासारखं वागावं, हे कन्फ्यूशियसचंच. आईवडिलांचं चुकलं तर हळूच सांगा, ऐकलं नाही तरी आदर सोडू नका, हेही. (काका, एवढं तुमच्या बाजूने.) पण कायदा, शिक्षा आणि धाक यांवर राज्य चालवा म्हणणारे वेगळे: शांग यांग, हान फेइ हे विधिवादी. शांग यांगने पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याची झळ शेजाऱ्यांनाही लावली. याच वाटेने छिन राज्याने इ.स.पू. 221 मध्ये चीन एकछत्री केला, आणि पंधरा वर्षांत ते कोसळलं. मेसेजवाल्याने यांचा माल कन्फ्यूशियसच्या नावावर खपवलाय.

‘लाओझी बुद्धाचा शिष्य, ताओवाद म्हणजे आपलाच माल.’ लाओझी म्हणजे ताओवादाचा (‘ताओ’ म्हणजे मार्ग) मूळपुरुष मानला जाणारा. बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास. लाओझीच्या ग्रंथातला मजकूर असलेल्या बांबूच्या पट्ट्या 1993 मध्ये ग्वोद्येनच्या थडग्यात सापडल्या, ते थडगं इ.स.पू. 300 च्या सुमाराचं, म्हणजे बौद्ध धर्म तिथे पोचायच्या कितीतरी आधीचं. पुढे चिनी बौद्ध विचारावर भारताचं ऋण मोठं, ते कोण नाकारतंय? गंमत म्हणजे काही ताओवादी उलटच सांगायचे: लाओझी पश्चिमेला गेला आणि तोच बुद्ध झाला. त्यांच्याकडेही काका होते.

‘ताओ म्हणजे काही करू नका.’ झ्वांगझी या ताओवादी विचारवंताच्या गोष्टीतला खाटीक डिंग घ्या. एकोणीस वर्षं, हजारो बैल, आणि सुरीची धार नवी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या फटीतून पातं फिरवतो. आणि अवघड जागी आली की थांबतो, नीट बघतो, हात अगदी सावकाश चालवतो. हे ‘काही न करणं’ असेल तर आपण सगळे आळशीच बरे.

कन्फ्यूशियसच्या नावावर टाकलेला ‘आवडीचं काम निवडा’ वगैरे सुविचार ‘लुन्यू’त नाही. पुढे.

आणि या मेसेजात मोझी हा विचारवंत कुठाय? सगळ्यांवर सारखं प्रेम करा म्हणणारा, चढाईच्या युद्धाला गुन्हा मानणारा. छू राज्य सोंग राज्यावर चाल करणार हे कळताच तो दहा दिवस दहा रात्री चालत गेला आणि ते आक्रमण थांबवलं, असं त्याच्या ग्रंथात आहे. परतताना सोंगमध्येच पावसात सापडला, वेशीखाली आसरा मागितला, तर पहारेकऱ्याने आत घेतलं नाही. काकांच्या मेसेजनेही नाही घेतलं.