‘लोकांना विचारत बसलं की कामं होत नाहीत’: सांगली-मिरजेच्या रस्त्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला वेगवेगळ्या ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, अगदी भावकीच्या ग्रुपवरसुद्धा. आशय थोडक्यात असा: सांगली-मिरज-कुपवाडची वाहतूक सुधारायची असेल तर आधी लोकांना विचारणं बंद करा. रस्ते हा तांत्रिक विषय आहे, तो इंजिनिअरवर सोडा. विचारत बसलं की काम लांबतं. बैठकीला येतात ते दुकानदार आणि पुढारी. लोकांचं म्हणणं मांडायला नगरसेवक आहेत. चीनमध्ये कुणी विचारत नाही म्हणून तिथं रस्ते होतात. आणि आता घरोघरी टू-व्हीलर आहे, तेव्हा रस्ते रुंद केले की सगळ्यांचंच भलं होतं.

पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची माणसं आहेत. रोज खड्डे चुकवत आणि चौकात अडकून त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय, त्यांचा वैताग खरा आहे. मीही सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरजेला नोकरीला जाते, बहुतेक वेळा सिटी बसनं, नाहीतर वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाडीनं. तरीही या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला चुकीची वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘हा तांत्रिक विषय आहे.’ डांबराखाली खडीचे थर किती, उतार कुठल्या बाजूला, सिग्नल किती सेकंदांचा हे इंजिनिअरनंच ठरवावं, त्याबद्दल वादच नाही. पण रस्ता आधी कुठला करायचा, कुणासाठी करायचा, थांबा चौकाच्या अलीकडं ठेवायचा की पलीकडं, हे त्याच्याही आधीचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं टेबलावरच्या नकाशात मिळत नाहीत.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना ४५ ची वाट बघावी लागत नाही, पाणी त्यांच्या दारात त्याच्या कितीतरी आधी येतं. तिथल्या एखाद्या मावशींना विचारा. नाल्याचं पाणी उलटं फिरून कुठल्या बोळात आधी शिरतं, कुठली वाट सगळ्यात शेवटी बंद होते, गाडी कुणाच्या दारात नेऊन लावायची, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुठून बाहेर काढायचं, हे त्यांना पाठ असतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर त्यांनी त्याच घरातून पाहिलेत. पुरात चालू राहील असा रस्ता आखायचा असेल तर ही माहिती तांत्रिक नाही तर काय आहे? ती त्यांच्याकडून घेतली नाही तर ज्या रस्त्यावरून माणसं बाहेर काढायची तोच आधी पाण्याखाली जाईल, आणि ते कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

दुसरी गोष्ट, जी मला रोजच्या येण्याजाण्यात जाणवते. कुपवाडच्या एखाद्या बाईंना सांगलीत सिव्हिलला यायचंय असं समजा. घरापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता महापालिकेचा. पुढचा रस्ता काही ठिकाणी बांधकाम खात्याचा. सिटी बस एसटीची, म्हणजे मार्ग आणि वेळा आगारात ठरणार. चौकातली वाहतूक आणि नो-पार्किंग पोलिसांकडं. रिक्षाचं परमिट आरटीओकडं. एक प्रवास, त्याला पाच खाती, आणि प्रत्येकाच्या फायलीत आपापला तुकडा. थांब्याजवळ गटार उघडं आहे हे एसटीच्या कागदावर नसतं, आणि गटार दुरुस्त करणाऱ्याला तिथं बस थांबते हे माहीत असेलच असं नाही. हा प्रवास उंबऱ्यापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत सलग पाहिलेलं माणूस एकच, त्या बाई. बाकी सगळ्यांना विचारायचं आणि त्यांनाच वगळायचं, हे नियोजन कसं म्हणता येईल?

‘विचारत बसलं की काम लांबतं.’ न विचारता केल्यावर काय होतं हे बघायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या कोल्हापुरात सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते खासगीकरणातून झाले, त्याबदल्यात शहराच्या वेशीवर टोल बसला. नाके उभे राहिले तसा विरोध वाढत गेला. मोर्चे झाले, शहर बंद झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. रस्त्यांच्या दर्जावर वाद घालायला जागा आहे, तो वेगळा विषय. पण पैसे ज्यांच्या खिशातून जाणार त्यांच्याशी आधी मोकळेपणानं बोलण्यात सहा महिने गेले असते तर काय बिघडलं असतं? नंतरची सगळी वर्षं त्याच भांडणात गेली. आपल्याकडचे पुष्कळ लोक तेव्हा रोज कोल्हापूरला जात-येत होते. त्यांना हे सांगावं लागू नये.

छोट्या कामांतही तेच होतं. फूटपाथ केला, पण तो दुकानांच्या पायऱ्यांच्या वर गेला. लोक ओरडले, फोडला, परत केला. दुभाजक बांधला, पण जिथून शाळेची पोरं रस्ता ओलांडतात तिथंच तो सलग ठेवला. महिन्याभरात कुणीतरी एक दगड काढला, मग दुसरा, आणि आता पोरं त्या भगदाडातून पळत जातात. दोनदा केलेल्या कामाचा खर्च आणि वेळ कुणी हिशेबात धरत नाही. आधी विचारायला लागलेला वेळ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो.

‘बैठकीला येतात ते दुकानदार आणि पुढारीच.’ मेसेजमधला हा एक मुद्दा खरा आहे, आणि मी तो मान्य करते. सकाळी अकरा वाजता सभागृहात बैठक ठेवली की तिथं कोण येणार? ज्याला दुकान पोरावर सोपवून येता येतं तो. धुणीभांडी करणाऱ्या ताई येणार नाहीत, एमआयडीसीत पहिल्या पाळीला असलेली मुलगी येणार नाही, कुबड्या घेऊन चालणारे काका तर जिना चढून वर पोहोचणारच नाहीत. संघटित आवाज मोठा ऐकू येतो. दिल्लीत २००८ साली बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. त्या रस्त्यावर बसमधली माणसं मोटारीतल्या माणसांपेक्षा जास्त होती, पण ओरड मोटारवाल्यांची ऐकली गेली आणि २०१६ मध्ये ती मार्गिका उखडली. बसमधल्या माणसांना कुणी एकत्र आणलं नाही.

पण यातून निघणारा निष्कर्ष मेसेज लिहिणाऱ्यानं उलटा काढलाय. विचारण्याची पद्धत चुकली असेल तर पद्धत बदलायची. लोकांना सभागृहात बोलवण्यापेक्षा विचारणाऱ्यानं उठून थांब्यावर जावं. पाळी सुटताना कुपवाडात, मंगळवारी गणपती मंदिराबाहेर, मार्केट यार्डात हमालांच्या जेवणाच्या सुट्टीत, शाळा सुटताना फाटकापाशी. नकाशा मोठा काढून जमिनीवर पसरावा आणि लोकांना खडूनं खुणा करू द्याव्यात. बायकांना बायकांनी विचारावं. मिरजेत कानडी येणारं माणूस सोबत असावं. पुण्यात महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून फूटपाथ, दिवे अशी छोटी कामं सुचवून घेते. त्या पद्धतीतही उणिवा आहेत, पण आपल्या गल्लीत पैसे कुठं लागावेत हे सांगायची एक वाट तिथं अधिकृतपणे आहे. आपल्याकडं निदान तेवढं तरी का असू नये?

‘नगरसेवक आहेत ना.’ आपल्या महापालिकेत २०१८ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि नंतर मोठा काळ प्रशासक होता. त्या काळात आपल्या चौकाबद्दल कुणाशी बोलायचं होतं? आणि सभागृह असतानाही कायद्यानं सगळा भार नगरसेवकांवर टाकलेला नाही. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं राज्यघटनाच सांगते, आणि २०११ च्या जनगणनेतच आपण पाच लाखांच्या पुढं होतो. त्या समित्यांवर सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची सोय महापालिका कायद्यात आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवायच्या आणि त्यांवर सुनावणी घ्यायची, हे १९६६ च्या नगररचना कायद्यातच लिहिलंय, कलम २६ आणि २८ मध्ये. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यानं तर नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनीच निवडून दिलेल्या विक्रेत्यांना दिल्या. चीनबद्दल म्हणूनच मी जास्त लिहीत नाही. आपल्याला विचारलं जाणं हा आपल्या कायद्यानं दिलेला हक्क आहे, तो आपणच आपल्या हातानं का सोडायचा?

आणि ज्यांना इथं नगरसेवकच नाही, त्यांचं काय? मिरज स्टेशनवर कुडची-रायबागकडून येणाऱ्या गाडीतून सकाळी जी माणसं उतरतात त्यांत कितीतरी रुग्ण असतात. परवा एक जोडपं दिसलं. नवऱ्याच्या डोळ्यावर हिरवी झापड, एका हाताचा पंजा बायकोच्या खांद्यावर. बाईंच्या हातात एक्स-रेची पिशवी आणि जेवणाचा डबा. फूटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणून त्या नवऱ्याला घेऊन रस्त्यावर उतरल्या. मागून हॉर्न वाजला की दोघं जागच्या जागी थांबायची आणि हॉर्न संपला की परत चालू लागायची. मी हात धरून त्यांना पलीकडं नेलं. एवढं अंतर तोडायला किती वेळ लागला असेल! मिरजेचं नाव दवाखान्यांमुळे आहे, या माणसांमुळे आहे. त्यांचं मत इथल्या यादीत नाही, पण इथल्या रस्त्यावर त्यांचा पाय रोज पडतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त तोच लागला. ‘घरोघरी टू-व्हीलर आहे, तेव्हा रुंद रस्ता म्हणजे सगळ्यांचं भलं.’ घरात गाडी आहे म्हणजे घरातल्या प्रत्येकाकडं गाडी आहे असं होत नाही. ती सकाळी कर्ता माणूस घेऊन जातो. मागं राहतात आई, बायको, बारावीतली मुलगी, गुडघे दुखणारे आजोबा. दळण, दवाखाना, रेशन, क्लास, बँक हे सगळं त्यांच्या पायांवर नाहीतर वडापवर चालतं. केंद्र सरकारच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातही हेच आहे की विचार माणसांच्या ये-जा करण्याचा करा, वाहनांचा नको.

बरं, जे टू-व्हीलरवर आहेत त्यांचं तरी भलं होतं का? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर पाच मृतांमागं तीनांहून जास्त. रस्ता नुसता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगाचा मार सगळ्यात आधी यांनाच बसतो. ओलांडायला जागा, दिवा, सावकाश जायला भाग पाडणारं वळण, बस आत घेऊन थांबवायला जागा, या गोष्टी रुंदीबरोबर आपोआप येत नाहीत. त्या कुणीतरी मागाव्या लागतात, आणि ज्याला लागतात तोच मागतो.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर कुपवाड एमआयडीसीतून संध्याकाळी परत येत होते. पाळी सुटली होती. पंधरा-वीस बायका रस्त्याच्या कडेनं एकामागं एक चालल्या होत्या. दिवे नव्हते. सगळ्यात मागच्या बाईनं मोबाईलचा टॉर्च लावून हात मागं धरला होता, येणाऱ्या ट्रकला दिसावं म्हणून. थोडं पुढं गेल्यावर तिच्या पुढची बाई मागं आली आणि टॉर्च तिनं घेतला. रोज अशी पाळी लावतात म्हणे, कारण एकीच्याच मोबाईलचं चार्जिंग संपतं.

आम्ही थांबून बोललो. त्यांना म्हटलं, हा रस्ता मोठा करावा असं सगळे म्हणतायत, तुम्हाला काय वाटतं? टॉर्च धरलेली बाई म्हणाली, “ताई, रुंद केला की गाड्या अजून जोरात यायच्या. आमाला हितं दिवं पायजेत, आन् बस जरा अलीकडं थांबाय पायजे. त्या वळणावर उभं ऱ्हायाला भ्या वाटतं.” वळणावर थांबा का नको, तर तिथं समोरून येणाऱ्याला माणूस दिसत नाही. अलीकडं कुठं हवा, तर जिथं चहाच्या गाड्याचा उजेड रात्री दहापर्यंत असतो तिथं. हे सांगायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं आम्ही कागदावर उतरवलं. खाली अठरा सह्या आणि तीन अंगठे. अर्ज कुठं द्यायचा म्हणून एका कार्यालयात गेलो, तर दिवे आमच्याकडं आणि थांबा तिकडं असं सांगितलं. तिकडं गेलो, तर ते म्हणाले, जागा आमची नाही. मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाच प्रती काढल्या, प्रत्येक खात्याला एक. चारांची पोच मिळाली आहे. पाचवी सोमवारी देणार आहोत, आणि या वेळी त्या बायकांपैकी दोघी सुट्टी टाकून सोबत येतायत.