रविवारी न दिसणारी माणसं

दवाखान्यात भेटायला जायचं म्हटलं की आमची ख्रिस्ती मंडळी मागे राहत नाही. इथे नागपुरात मेडिकलला कोणी ॲडमिट झालं की संध्याकाळपर्यंत वॉर्डाबाहेर अर्धा महिला संघ हजर. नारळपाणी, बिस्किटं, प्रार्थना, सगळं. मयतीला तर विचारूच नका. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात कबरस्थानात शेवटपर्यंत उभं राहणारी माणसं आहेत आपल्याकडे, आणि मला त्यांचं कौतुक आहे.

पण संकट दुसऱ्या जातीचं असलं की? बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी गेली. सुटलेली दारू परत सुरू झाली. मुलगी सासरहून बॅग घेऊन आली ती परत गेलीच नाही. कर्ज थकलं आणि वसुलीवाले दारात येऊन बसले. पोरावर केस झाली. अशा घरी कोण जातं? ही माणसं आधी मागच्या बाकावर सरकतात, मग फक्त नाताळ-ईस्टरला येतात, मग तेही नाही. व्हॉट्सॲपवर मात्र त्यांना रोज सकाळी बायबलचं वचन पोचतं, गुलाबाच्या चित्रासकट.

मला वाटतं, आजारात लाज नसते म्हणून आपण धावत जातो. ज्या दुःखात लाज मिसळलेली असते, तिथे आपले पाय अडतात.

बायबलमधलं, प्रेषित पौलाचं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र काढून पाहा. तो रोममध्ये कैदेत आहे. आशिया प्रांतातले सगळे मला सोडून गेले, असं तो सरळ लिहितो. रागावून नाही, नुसतं सांगून टाकतो. त्या काळच्या तुरुंगात कैद्याचं जेवणखाण, कपडालत्ता बऱ्याच अंशी बाहेरच्या माणसांवर अवलंबून असायचं. कोणी आलं नाही तर हाल. म्हणूनच तो पुढे त्रोवसला राहिलेला झगा घेऊन ये म्हणतो, आणि हिवाळ्याच्या आत ये म्हणतो. अशा माणसाकडे अनेसिफर नावाचा एकजण जातो. पौल त्याच्याबद्दल दोन गोष्टी नोंदवतो: माझ्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही, आणि रोमला आल्यावर त्याने शोधून काढून माझी भेट घेतली. एवढ्या मोठ्या शहरात एक कैदी शोधायचा म्हणजे किती दारं ठोठवावी लागली असतील, किती शिपायांना विचारावं लागलं असेल! विचारताना प्रत्येक वेळी ‘हा माझा माणूस आहे’ हेही सांगावं लागलंच असणार. अनेसिफराने प्रवचन दिल्याचा मात्र कुठे उल्लेख नाही.

आता बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय. एकत्र मिळणं सोडू नका, हे वचन गैरहजर माणसाला ऐकवायला फार सोयीचं. मी ते छडीसारखं वापरलेलं पाहिलं आहे. पण त्याच्या आधीचं वाक्य एकमेकांकडे लक्ष द्या असं आहे, आणि ते हजर असणाऱ्यांना उद्देशून आहे. शिवाय हे पत्र ज्यांना लिहिलं, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत त्यांची अप्रतिष्ठा झाली होती. त्याच अध्यायात आहे ते. तेवढं मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

आणखी एक रोग आहे. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कोणाला बोलू नका.’ त्यानंतर जे सांगितलं जातं ते रात्री जरीपटक्यापासून कामठीपर्यंत पोचलेलं असतं. चुगलीला आपण प्रार्थना-विषय असं गोंडस नाव दिलंय. ज्याचं घर त्या विषयात आलं, तो दुसऱ्या रविवारी कोणत्या तोंडाने येणार?

आमच्याकडे एक आजी आहेत. एक कुटुंब असंच येईनासं झालं, नवऱ्याच्या कर्जापायी. आजी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेल्या. पिशवीत बायबल होतं, पण ते त्यांनी बाहेर काढलं नाही. ओट्यावर मेथीची जुडी पडली होती, ती घेऊन खाली बसल्या आणि निवडायला लागल्या. कोवळे देठ इकडे, जून देठ तिकडे. पोरीच्या परीक्षेची चौकशी केली, कूलरचा पंप बिघडलाय म्हणून कोणत्या मिस्त्रीला बोलवायचं ते सांगितलं. कर्जाचा ‘क’ काढला नाही. उठताना म्हणाल्या, “रविवारी ऑटोवाला मले एकटीले लय पैसे सांगते व माय. तू येशील का संग? अर्धे अर्धे देऊ.” मला हे त्या घरच्या बाईंनीच नंतर सांगितलं, हसत. ऑटोचं भाडं आजींना जड नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण या बोलावण्यात त्या कोणाच्या दयेवर येणार नव्हत्या, उलट आजींना मदत करायला येणार होत्या. आल्या त्या.

मग पाप झाकायचं का, शिस्त नको का, असं कोणी म्हणेलच. शिस्त हवी. पौलाबरोबर प्रचाराच्या प्रवासाला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर सोडून गेला, तेव्हा त्याला परत न्यायला पौलाने ठाम नकार दिला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण पौलाचा सोबती बर्णबा त्याच मार्कला घेऊन कुप्रला, म्हणजे सायप्रसला गेला. पुढे कैदेतून पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. तेच पत्र, ज्यात अनेसिफर आहे. बर्णबाने तेव्हा हात सोडला असता तर ही ओळ ज्याच्याबद्दल लिहिली तो मार्क उरला असता का, कोण जाणे.

२९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी, सह्या, ठराव. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण आपल्याच बाकावरून गेलेलं कुटुंब शोधायला कुठलाही ठराव लागत नाही. पाळकसाहेबांवर ढकलू नका. ते एक, आणि घरं शेकडो. त्यातून पाळक दारात आले की लोक आधी घर आवरतात, मग चेहरा.

कमिटीच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे: ईस्टरनंतर जी घरं दिसली नाहीत त्यांची यादी करू. नाव आणि पत्ता, बस. कारणाचा रकाना ठेवायचा नाही. एका घरी दोघांनीच जायचं, तेही फोन करून. परत आल्यावर ग्रुपवर काही टाकायचं नाही, फोटो तर मुळीच नाही. मेकोसाबाग-जरीपटका बाजू मी घेतो, स्कूटर आहे माझ्याकडे. मागच्या सीटवर कोणी बसणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.