लिटरलीचा 'खून' झाला म्हणे, आणि तोही २०१३ मध्ये

आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचीनं लिहिलं, "मॅथ्सचा पेपर बघून लिटरली मेले मी." दहावीतली पोरगी, प्रिलिम चालू आहे. कुणी म्हणालं होईल गं नीट, कुणी नुसता अंगठा टाकला, आणि मोठ्या काकांनी टाकला एक लांबलचक फॉरवर्ड, वर स्वतःची ओळ जोडून, "हे वाच आणि सुधार." पोरीनं "ओके आजोबा" लिहिलं आणि त्यानंतर ग्रुपवर गप्पच आहे. काकांबद्दल आदर आहेच, पण हा फॉरवर्ड मला आधीही दोन-तीन ग्रुपांवर दिसलाय आणि दर वेळी सोडून दिला, आता नाही सोडणार.

ज्यांना आलेला नाही त्यांच्यासाठी, त्यात काय आहे ते थोडक्यात. नाव आहे 'एका शब्दाचा खून'. म्हणणं असं की लिटरली म्हणजे 'शब्दशः खरं', हाच एकमेव मूळ अर्थ आणि तो शेकडो वर्षं जसाच्या तसा टिकला. मग अमेरिकन रिअ‍ॅलिटी शो आणि मोबाईलवाली पिढी आली आणि वाट लागली. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड आणि गूगलनं हात टेकले आणि डिक्शनरीत अर्थ चक्क उलटा केला. एकाही मोठ्या लेखकानं हा शब्द असा वापरलेला नाही. जो वापरतो त्याचं शिक्षण कच्चं आणि बुद्धी मंद. उद्या कोर्टात करारनाम्यांचं काय होणार? आणि शेवटी, "व्हेरी सॅड. रिअली शेमफुल."

आधी ते २०१३ घेऊ कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये झालं एवढंच, की रेडिट नावाच्या चर्चेच्या वेबसाइटवर कुणीतरी दाखवलं की गूगलवर लिटरलीचा अर्थ शोधला तर खाली दुसराही अर्थ येतो, गोष्ट खरी नसताना नुसता जोर द्यायला वापरतात असा. पेपरवाल्यांनी ते उचललं आणि 'डिक्शनरीनं शरणागती पत्करली' छापाच्या बातम्या झाल्या. आता ऑक्सफर्डची जी मोठी ऐतिहासिक डिक्शनरी आहे, जी प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कुठे छापलेला सापडतो ते वर्षासकट देते, तिनं हा अर्थ आपल्या नव्या आवृत्तीत घेतला सप्टेंबर २०११ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे भाषेचा खून झाला आणि दोन वर्षं कुणाला पत्ता नाही, सगळे आपले जेवूनखाऊन झोपत होते.

बरं, २०११ मध्ये तरी नवं होतं का? नाही! याच डिक्शनरीच्या पहिल्या आवृत्तीत, एल अक्षराच्या १९०३ साली छापलेल्या भागात, लिटरलीखाली नोंद आहे की हल्ली हा शब्द रूढ रूपकाला किंवा अतिशयोक्तीला जोर द्यायला सर्रास वापरला जातो, आणि हे अयोग्य आहे. म्हणजे नाक मुरडलं, पण नोंद केली. अमेरिकेत मेरियम-वेबस्टरच्या १९०९ च्या मोठ्या डिक्शनरीतही हा अतिशयोक्तीचा वापर आहे, उदाहरण दिलंय 'ही लिटरली फ्लू', तो लिटरली उडाला. त्याच १९०९ मध्ये अँब्रोस बिअर्स नावाच्या अमेरिकन लेखकानं चुकीच्या शब्दप्रयोगांचं एक छोटं पुस्तक काढलं, त्यात तो याच लिटरलीवर भयंकर चिडलाय. अतिशयोक्ती करणंच वाईट, वर ती खरी आहे असं ठासून सांगणं म्हणजे असह्य, असं त्याचं म्हणणं. १९२६ मध्ये इंग्लंडात फाउलरनं शुद्ध वापराची जी प्रसिद्ध डिक्शनरी काढली तिच्यातही हेच रडगाणं. जिथे कुणी थुंकत नाही तिथे 'येथे थुंकू नये' अशी पाटी कुणी लावतं का? १९०९ ला एवढी ओरड चालली होती म्हणजे लोक तेव्हा भरपूर बोलत होते. तेव्हा मोबाईल जाऊ दे, रेडिओसुद्धा घराघरात नव्हता.

आणि 'अर्थ उलटा केला' हे तर सरळसरळ खोटं आहे. कुठल्याही धड डिक्शनरीत लिटरलीचा अर्थ 'लाक्षणिक अर्थानं' एवढाच देऊन सोडलेला नाही, हा शब्द जोर द्यायला येतो असंच सांगितलंय. फरक कळत नसेल तर भाचीच्या वाक्यात बदलून बघा, "पेपर बघून लाक्षणिक अर्थानं मेले मी." असं जगात कुणी बोलतं का? तिला म्हणायचं होतं की लय वाईट पेपर होता. ती लिटरली म्हणाली ते मेले हा शब्द अजून मोठा करायला, रद्द करायला नाही. सगळ्या ग्रुपला ते कळलं, काकांनाही कळलं, अँब्युलन्स कुणी बोलावली नाही.

आता मोठ्या लेखकांचं. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं नुसती थाप ठोकलीय.

याच ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक डिक्शनरीनं या 'चुकीच्या' अर्थाचा सगळ्यात जुना दाखला दिलाय तो १७६९ चा. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते, म्हणजे अंदाज येईल. फ्रान्सिस ब्रूक नावाची इंग्लिश बाई, नवरा क्यूबेकला लष्कराचा धर्मोपदेशक, म्हणून ही तिकडे राहिली आणि त्या अनुभवावर पत्ररूपात एक कादंबरी लिहिली, कॅनडात लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. त्यात एका पात्राचं म्हणणं असं की हा माणूस नशीबवान, आल्या आल्या त्याला एवढ्या सुंदर बायकांचा घोळका भेटला, हे म्हणजे लिटरली लिलीच्या फुलांमध्ये चरणं. ते लिलीत चरणं आलंय बायबलातल्या गीतरत्नातून, तिथेही ते प्रेमकवितेतलं रूपकच आहे. आता मला सांगा, तो गृहस्थ दिवाणखान्यात फुलं खात होता का? रूपकावर लिटरली चढवून बाई मोकळी झाली, अडीचशे वर्षांपूर्वी, आणि एवढ्या सहज की वाटतं लोक आधीपासून तसंच बोलत असणार.

पुढे डिकन्स. १८३९ मध्ये पूर्ण झालेल्या 'निकोलस निकल्बी'त पोरांना छळणारा एक हेडमास्तर आहे, स्क्विअर्स. पळून गेलेला मुलगा पकडून आणल्यावर तो त्याच्याकडे बघतो आणि तिथे निवेदक, म्हणजे खुद्द डिकन्स लिहितो की त्यानं लिटरली डोळ्यांना मेजवानी दिली. मार्क ट्वेन, १८७६, टॉम सॉयर कुंपण रंगवायचं काम दुसऱ्या पोरांना चक्क विकतो आणि दुपारपर्यंत 'लिटरली रोलिंग इन वेल्थ', संपत्तीत लोळतोय. संपत्ती काय, तर गोट्या, एक पतंग, एक मेलेला उंदीर आणि त्याला फिरवायला दोरी. त्यात लोळत असेल तर लिटरलीच म्हणायचं बहुतेक! जेम्स जॉइस, फिट्झजेराल्ड यांच्याकडेही आहे, यादी वाढवत नाही.

एक मात्र सांगतो, या यादीत शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधलं वाक्य लोक हमखास घालतात आणि ते तितकं बरोबर नाही. जेन नवऱ्याबद्दल, रॉचेस्टरबद्दल म्हणते मी लिटरली त्याच्या डोळ्यातलं सफरचंद होते. इंग्रजीत याचा अर्थ लाडकी, पण मुळात ते 'सफरचंद' म्हणजे डोळ्यातली बाहुली. आणि रॉचेस्टर तेव्हा आंधळा झालेला असतो, जेन त्याला सगळं बघून सांगते, म्हणजे ती खरोखरच त्याची दृष्टी आहे. तिथे बाईनं शब्द दोन्ही बाजूंनी चालवलाय, मुद्दाम. हे वाक्य आपल्या बाजूचं म्हणून फेकणं म्हणजे आपणही फॉरवर्डच्या पातळीवर जाणं.

आता 'मूळ अर्थ एकच' हा मुद्दा. चला, मूळ पाहूच मग. लॅटिनमध्ये लिट्टेरा म्हणजे अक्षर. चौदाव्या शतकाच्या शेवटी लिटरल हे विशेषण इंग्रजीत आलं आणि ते फिरत होतं मुख्यतः धर्मग्रंथांच्या चर्चेत. बायबलातल्या एका ओळीचे चार चार अर्थ लावायची पद्धत होती, एक अक्षरांतून सरळ निघतो तो, बाकीचे रूपकाचे, नीतीचे, परलोकाचे. यातल्या पहिल्याचं नाव लिटरल. विल्यम टिंडेल, बायबल इंग्रजीत आणणारा, १५२८ मध्ये ठणकावून सांगतो की धर्मग्रंथाला एकच अर्थ, तो लिटरल (या माणसाला पुढे १५३६ मध्ये पाखंडी ठरवून मारलं, तेव्हा लिटरलवरून भांडणं त्या काळी जरा महाग पडायची). लिटरली हे क्रियाविशेषण यातूनच आलेलं, अर्थ अक्षराला अक्षर, शब्दाला शब्द धरून. म्हणजे भाषांतराबद्दल, मजकुराबद्दल बोलायचा शब्द.

तिथून 'खरोखरच' या अर्थाकडे येणं हीच पहिली घसरगुंडी आहे! "लिटरली दोन मिनिटांत पोचलो" यात अक्षर कुठाय? हा 'शुद्ध' अर्थही मूळ नाही, तो नंतर पसरलेला आहे. १६८७ मध्ये ड्रायडनच्या कवितेत येतं की माझी रोजची भाकरी लिटरली मागून आणलेली. १७०८ मध्ये कवी पोप एका पत्रात लिहितो की माझा प्रत्येक दिवस लिटरली दुसरा कालचाच दिवस असतो, सगळं सेम. पोप तेव्हा विशीला टेकलेला पोरगा, बोअर झालेला. या दोन्हीत बोलणारा खरंच सांगतोय, पण शब्द आता नुसता जोर द्यायच्या कामाला लागलाय. जोर द्यायला लागला की मग तो कशालाही जोर देणार, खऱ्या वाक्याला दिला तसा रूपकालाही, आणि साठ वर्षांत लिलीची फुलं आली. एका रात्रीत कुणी काही केलं नाही.

आणि हे फक्त इंग्रजीचं नाही हो. अक्षर आणि शः. अक्षरशः! बांधणी बघा, अगदी तीच. आणि आपण काय म्हणतो? अक्षरशः वेड लागायची पाळी आली, अक्षरशः अंगावर काटा आला, ट्रॅफिकमध्ये अक्षरशः जीव गेला. हे शेवटचं काकांचंच आहे, गणपतीत पुण्याला आले होते तेव्हाचं, ग्रुपवर शोधलं तर मिळेल. खरोखर शब्दाला शब्द असं म्हणायचं असेल तर मराठीत बहुतेक जण शब्दशः म्हणतात, शब्दशः भाषांतर वगैरे, आणि अक्षरशः मोकळा सुटला जोर द्यायला. त्यावर कुणी 'एका शब्दाचा खून' लिहिलेलं मला माहीत नाही.

'एका शब्दाला दोन विरुद्ध अर्थ म्हणजे भाषा संपली' असंही मध्येच एक वाक्य आहे त्या फॉरवर्डात. लोन सँक्शन झालं की पेढे वाटता ना? आणि रशियावर सँक्शन्स लागली ही बातमी वाचता ना? गोंधळ झाला का कधी? पुढे.

कोर्टाचं तर बोलायलाच नको, करारनाम्यात कोण लिहितं 'भाडेकरू लिटरली मेला' म्हणून.

आता काकांची एक गोष्ट मान्य करावी लागेल, आणि मला ती करायला फार आवडत नाहीये. शब्द जास्त वापरला जातो, दर वाक्याला लिटरली लिटरली ऐकून माझंही डोकं उठतं. आणि जिथे खरं-खोटं महत्त्वाचं असतं तिथे त्यानं घोळ होतो. बातमीत आलं की लोक लिटरली उपाशी आहेत, तर वाचणाऱ्याला कळायला हवं की पोटात अन्न नाही की नुसतं जेवण उशिरा झालं. परीक्षेच्या निबंधात, ऑफिसच्या रिपोर्टात टाळलेलाच बरा, मेरियम-वेबस्टरवालेही सांगतात की या वापरावर लोक टीका करतात म्हणून. पण हा सल्ला झाला, कुठे काय घालावं याचा. ग्रुपवर घरच्यांशी बोलताना पोरगी निबंध लिहीत नव्हती.

आणि ते 'शिक्षण कच्चं, बुद्धी मंद', ते वाचून खरा संताप आला. ही पोरगी सातवीपर्यंत मराठी मीडियमला होती, आठवीत सेमीला गेली, वर्गात इंग्रजी बोलताना मागे बसायची. आत्ता कुठे मोकळेपणानं एखादं वाक्य टाकायला लागलीय, तेही जगभरातली पोरं बोलतात तसं नेमकं, जिथे यायला पाहिजे तिथेच शब्द आला, ग्रामर बरोबर, अर्थ पोचला. हे भाषा येत असल्याचं लक्षण आहे. त्यावर काय मिळालं तर कुठल्यातरी अनामिक माणसानं लिहिलेलं बुद्धीचं सर्टिफिकेट, तेही परीक्षेच्या दिवसांत, सगळ्या नातेवाइकांसमोर. फॉरवर्ड करताना एवढा तरी विचार करावा की हे कुणाच्या नावावर जातंय. डिकन्स आणि ट्वेनची बुद्धी मंद होती असं म्हणायची तयारी असेल तर खुशाल म्हणा, ते गेलेत, त्यांना फरक पडत नाही.

राहिली शेवटची ओळ, "व्हेरी सॅड. रिअली शेमफुल." व्हेरी आला जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागे लॅटिनमधला वेरुस, म्हणजे खरा. चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या कवितेतला सरदार 'व्हेरी' होता म्हणजे सच्चा होता, खूप नव्हता. रिअली म्हणजे तर सरळच वास्तवात, प्रत्यक्षात. दोन्ही शब्द एके काळी खरेपणाची साक्ष द्यायचे आणि आता नुसते जोर द्यायला उरलेत, म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी लिटरलीला फाशी मागताय तोच गुन्हा यांनी कधीच करून पचवलाय. हे मी ग्रुपवरही टाकलंय, काकांना टॅग करून. ब्लू टिक आलीय, उत्तर अजून नाही.