डूख की ओल?

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन उतरतं आणि शेजारच्या टपरीवर वाद उतरतात. सोयाबीनला निदान भाव तरी असतो.

सुरुवात ठरलेली. व्यापारी बशीत चहा ओतत म्हणतो, "त्या नदीकाठच्या गावचा माल आपण घेत नाही बगा." समोरचा शेतकरी कप आपटतो. "म्हंजे आमच्या गावावर डूख हाय तुमचा! मानूस बगून माल घेता!" इथून एकमेकांच्या आज्यापर्यंत पोचायला चार मिनिटं पुरतात. पाचव्या मिनिटाला मी मध्ये पडतो आणि दोघंही माझ्यावर घसरतात.

माझं म्हणणं एवढंच, की डूख काढायच्या आधी ओल मोजा. सोयाबीनला १२ टक्के ओलावा चालतो. नदीकाठच्या काळ्या रानात परतीचा पाऊस झाला की पाणी हटता हटत नाही. मळणीयंत्राची पाळी हुकेल म्हणून लोक ओलंच काढतात आणि घाईनं पोती भरतात. वरची मूठ खणखणीत वाजते. पोत्याच्या पोटातली ओल मोजायच्या यंत्रात टाकली की आकडा १६. आता बोटं मोजा. १६ टक्क्यांच्या क्विंटलात कोरडा ऐवज ८४ किलो. तो १२ टक्क्यांवर वाळवला की वजन भरतं साडेपंच्याण्णवच्या आत-बाहेर. म्हणजे साडेचार किलो पाण्याचे पैसे व्यापाऱ्यानं मोजायचे, वर थप्पीत माल तापून बुरशी धरली तर तीही त्याचीच.

म्हणून आधी विचारायचं, "काऊन घेत नाही ओ शेठ?" या 'ओ'वर सगळी मदार. तो गाळला की उत्तराऐवजी बाह्या वर होतात. मग, "ओलं असतं म्हणून, का त्या गावचं म्हणून?" मग त्याच गावचं ११ टक्क्यांचं पोतं पुढं करायचं. नाक मुरडलं, आणि दुसऱ्या गावचं १६ टक्क्यांचं मात्र मुकाट घेतलं, तर खुशाल ओरडा. मीही ओरडेन.

पाण्याच्या वादात हे जास्त अवघड. १५ ऑक्टोबरला मराठवाड्याचं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीचं सूत्र. नाशिकचा माणूस त्याला विरोध करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं मराठवाडा असतो का स्वतःची द्राक्षबाग? विचारलेलं सहसा कुणी ऐकलेलं नाही. तिथं धरणाआधी माणसंच भरून वाहतात.

मोंढ्यात मात्र एक खोच राहतेच. ११ टक्क्यांचं पोतं समोर आहे, मातेरं नाही, डागी दाणा नाही, तरी शेठ मान हलवतात. टपरी गप्प. शेवटी तेच खाली बघत पुटपुटतात, "सासरवाडी हाय ओ ती. भाव पाडून मागता येत नाही."